मांजराच्या डोळ्याला गंभीर इजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजराच्या कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्यावर पडलेला ओरखडा साधा असेल तर आठवड्यात भरून येतो. तोच चिघळला तर एका दिवसात आरपार भोक पडू शकतं. त्यामुळे इथे "दोन दिवस बघू, नाहीतर दाखवू" हा हिशेब चालत नाही. खालची उत्तरं घरी काय करायचं, काय मुळीच करायचं नाही आणि दवाखान्यात काय होतं, यासाठी आहेत. तपासणीची जागा ती घेऊ शकत नाहीत.

इजा गंभीर आहे हे घरी कसं ओळखायचं?

मांजर दुखणं लपवतं, पण डोळ्याचं दुखणं त्याला फारसं लपवता येत नाही. एक डोळा अर्धवट मिटलेला, सतत मिचकावणारा, पाणी गळणारा दिसला की तो दुखतोय असंच धरून चाला. खिडकीच्या उजेडात दोन्ही डोळे आधी समोरून आणि मग बाजूने बघा. निरोगी कॉर्निया ओल्या काचेसारखा चमकतो आणि त्यात खिडकीचं प्रतिबिंब सरळ, अखंड दिसतं. ते प्रतिबिंब कुठे तुटलेलं किंवा खडबडीत दिसलं तर तिथे जखम आहे.

पुढचं काहीही दिसलं तर त्याच तासात निघायचं:

- डोळा खोबणीबाहेर आलेला
- कॉर्नियावर काळपट-तपकिरी, ओलसर टोक किंवा गाठ
- डोळा अचानक मऊ पडून आत बसलेला
- डोळ्याच्या आत रक्त साचलेलं
- दोन बाहुल्या लहानमोठ्या
- कॉर्निया पिवळट-पांढरा, जेलीसारखा लिबलिबीत
- काटा, तार, काच रुतलेली
- डोळ्यात चुना, ॲसिड, फिनेल किंवा झाडाचा चीक गेलेला (इथे आधी धुवा, मग निघा; खाली सांगितलं आहे)
- मांजर भिंतीवर, खुर्चीवर आदळत चाललेलं

यातली दुसरी खूण नीट समजून घ्या. कॉर्नियाला भोक पडलं की आतलं पाणी बाहेर येतं आणि त्या ओघात बुबुळाचा रंगीत भाग, आयरिस, पुढे सरकून भोकात बुचासारखा अडकतो. बाहेरून तो वाळलेल्या चिपडासारखा किंवा मातीच्या कणासारखा दिसतो. लोक तो कापसाने पुसायला जातात. पुसलात तर बूच निघतं आणि डोळा रिकामा होतो. बुबुळावर चिकटलेलं काहीही काळं घरी काढायचं नाही.

डोळे आलेत की मार लागलाय, हे कसं कळावं?

डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही लाल होतात, शिंका असतात, चिपडं येतात, पण कॉर्निया स्वच्छ राहतो. मार लागला तर एकाच डोळ्याला, अचानक, आणि मांजर तो उघडायलाच तयार नसतं. ही ढोबळ खूण झाली. मांजरांमधला हर्पिस विषाणू एकाच डोळ्यात सुरू होऊ शकतो आणि तो स्वतःच कॉर्नियावर फांद्यांसारखे अल्सर (जखमा) पाडतो. म्हणून एक डोळा मिटलेला असेल तर हिरव्या रंगाची चाचणी (ती पुढे सांगितली आहे) झाल्याशिवाय "डोळे आलेत" असं ठरवू नका.

पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

आधी श्वास बघा. गच्चीवरून किंवा खिडकीतून पडलेल्या, गाडीखाली आलेल्या मांजराचा डोळा भयानक दिसतो, पण जीव जातो तो छातीच्या किंवा डोक्याच्या माराने. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर डोळ्यावर वेळ घालवू नका, सरळ निघा.

श्वास ठीक असेल तर पंजा डोळ्यापर्यंत पोचू द्यायचा नाही. कोन (गळ्यात घालायची नरसाळ्यासारखी कॉलर) असेल तर लगेच घाला. नसेल तर बाळाला दुपट्यात गुंडाळतो तसं पुढचे पाय आत घेऊन टॉवेलात गुंडाळा. मान आवळू नका. मानेवर दाब आला की डोळ्यातला दाबही वाढतो, आणि फाटलेल्या डोळ्याला तो झेपत नाही. माती, धूळ गेली असेल तर केमिस्टकडे मिळणाऱ्या 0.9 टक्के नॉर्मल सलाइनने, सुई काढलेल्या 10 मिलीच्या सिरिंजने, कडेकडेने हलकी धार सोडा. डोळा फुटल्याची किंवा काही रुतल्याची शंका असेल तर धारसुद्धा नको. डोळ्यावर पट्टी बांधू नका, कारण मांजर ती काढण्यासाठी आणखी जोरात घासतं. बंद पेटीत, अंधारात ठेवा. दवाखान्यात आधी फोन करून "डोळ्याची इमर्जन्सी आहे" एवढं सांगा. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून वाटेत खायला देऊ नका.

डोळ्यात चुना, ॲसिड किंवा चीक गेला तर?

हा एकच प्रसंग असा आहे की दवाखान्यात निघण्याआधी घरीच काम करायचं असतं. लगेच धुवायला घ्या आणि निदान 20 मिनिटं धूत राहा. सलाइन हाताशी नसेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी चालेल. सलाइन आणायला कुणाला धाडून वाट बघत बसू नका. डोकं बाधित डोळ्याच्या बाजूला कलतं धरा, म्हणजे ते पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त धसका घ्यायचा तो चुन्याचा. दिवाळीआधीची सफेदी, बांधकामावरचा ढीग, तंबाखूच्या चुन्याची डबी किंवा पुडी. ॲसिड कॉर्नियातल्या प्रथिनांना गोठवतं आणि बरंचसं तिथेच अडकतं. चुन्यासारखा अल्कली पेशींची आवरणं विरघळवत आत उतरत राहतो, वरून धुतल्यावरही. त्याचे कण पापणीखाली आणि तिसऱ्या पापणीमागे (आतल्या कोपऱ्यातल्या पातळ पडद्यामागे) चिकटून बसतात. ते दवाखान्यात सुन्न करणारे थेंब घालून ओल्या कापसाच्या काडीने काढावे लागतात. चुन्यावर लिंबू किंवा व्हिनेगर घालून "तोड" करायला जाऊ नका. रुईचा, शेराचा चीक गेला तर सुरुवातीला डोळा बरा वाटू शकतो आणि नंतर धुरकट, निळसर होऊ शकतो. तेव्हा तोही धुऊन, मग दाखवायचाच.

डोळा खोबणीबाहेर आला तर तो आत ढकलू का?

नाही. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा डोळा किरकोळ धक्क्यानेही बाहेर येतो. मांजराची खोबण खोल असते, त्यामुळे त्याचा डोळा बाहेर यायला फार मोठा आघात लागतो. अशा मांजराचा जबडा किंवा कवटीचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता बरीच असते. तुमचं काम एकच, डोळा सुकू द्यायचा नाही. सलाइनने भिजवलेलं स्वच्छ गॉज वर अलगद ठेवा आणि दर काही मिनिटांनी त्यावर सलाइन सोडा. सुका कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात.

डॉक्टर भुलीखाली डोळा आत बसवून पापण्या दोन-तीन आठवड्यांसाठी शिवून ठेवतात. नजर परत येण्याची शक्यता मांजरात कमी असते. बुबुळ फुटलं असेल किंवा डोळा हलवणारे बहुतेक स्नायू तुटले असतील तर तो काढणंच बरं.

कुसळ किंवा काटा दिसतोय. चिमट्याने काढू?

पावसाळ्यानंतर कुसळी गवत वाळतं तेव्हा हा प्रकार वाढतो. कुसळाला उलटे केस असतात, ते फक्त पुढे सरकतं. बहुतेक वेळा ते तिसऱ्या पापणीमागे दडतं आणि प्रत्येक मिचकावणीबरोबर कॉर्निया घासतं. डोळा रोज धुऊनही आतल्या कोपऱ्याजवळचा अल्सर भरत नसेल तर आधी तिथेच बघावं लागतं. मोकळं, पापणीवर तरंगणारं कुसळ सलाइनने वाहून गेलं तर उत्तम. कॉर्नियात रुतलेलं काहीही ओढू नका. ते कदाचित स्वतःच भोक बंद करून बसलेलं असतं. ते मायक्रोस्कोपखाली, टाक्यांची तयारी ठेवून काढतात.

घरात माणसांचे आय ड्रॉप्स आहेत. तोवर ते घालू?

सर्वांत जास्त डोळे इथे जातात. केमिस्टकडे "लाली उतरवणारे" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काहीही लिहिलेलं असेल तर जखमी डोळ्यात एक थेंबही नको. स्टेरॉइडने लाली उतरते, मांजर डोळा उघडतं, तुम्हाला बरं वाटतं. तिकडे जखम भरणं थांबलेलं असतं, कॉर्निया विरघळवणारे एन्झाइम मोकळे सुटतात आणि दबून बसलेला हर्पिस उठतो. केटोरोलॅक, डायक्लोफिनॅक, फ्लर्बिप्रोफेनचे ड्रॉप्सही अल्सर असताना टाळायचे. सुन्न करणारे थेंब (प्रोपॅराकेन) फक्त तपासणीपुरते असतात. रोज घातले तर ते स्वतःच नव्या पेशी मारतात.

आणि मध, हळद, दूध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी, काजळ?

काही नको. जखमेत जंतू आणि कण जातात, शिवाय डॉक्टरांना पुढे बुबुळ नीट दिसत नाही.

दुखतंय म्हणून गोळी देऊ का?

पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते, कारण ते पचवून बाहेर टाकणारं यंत्र मांजराच्या यकृतात फार तोकडं असतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिनही घरच्या घरी नको. दवाखान्यात ब्युप्रेनॉर्फिन देतात किंवा किडनी ठीक असेल आणि अंगातलं पाणी कमी झालेलं नसेल तर मोजून मेलॉक्सिकॅम.

औषधांबद्दल आणखी दोन धोके. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मांजराला किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर रेटिना (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) जळून कायमचं आंधळेपण येऊ शकतं. म्हणून आधी वजन, मग डोस. आणि हर्पिसवर माणसांना देतात ते व्हॅलासायक्लोव्हिर मांजराला जीवघेणं ठरतं. मांजरासाठी फॅमसायक्लोव्हिर वापरतात.

दवाखान्यात नेमकं काय तपासतात?

आधी लांबून बघतात, मग उजेड टाकतात. जखमी डोळ्यात उजेड टाकल्यावर चांगल्या डोळ्याची बाहुली आकसली तर जखमी डोळ्याची रेटिना आणि मेंदूकडे जाणारी नस निदान काही अंशी शाबूत आहे. डोळा वाचवायचा की नाही, हे ठरवताना या एका खुणेला मोठं वजन असतं.

मग फ्लुओरेसिनची पट्टी. नारिंगी कागदी पट्टी सलाइनने ओली करून डोळ्याला रंग देतात आणि निळ्या उजेडात बघतात. वरची कातडी गेलेली जागा झगझगीत हिरवी दिसते. खोल खड्ड्याच्या कडेला हिरवं वर्तुळ आणि मधोमध स्वच्छ काळं दिसलं तर मालकाला वाटतं मधला भाग भरला. प्रत्यक्षात तिथे शेवटचा पातळ पापुद्रा तेवढा उरलेला असतो आणि तो रंग धरत नाही. तो फुटायच्या बेतात असतो. त्याच दिवशी शस्त्रक्रिया. रंगात एक बारीक धार वाहताना दिसली तर डोळा गळतोय. डोळा फुटलेला नसेल तरच दाब मोजतात; मांजरात तो साधारण 10 ते 25 मिमी पारा असतो.

अल्सरवर उपचार काय, किती दिवस?

वरवरच्या अल्सरला अँटिबायोटिकचे थेंब दिवसातून तीन-चार वेळा, दुखणं कमी करायला ॲट्रोपिन आणि कोन. पाच-सात दिवसांत भरतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा रंग घालून बघायचाच, डोळा छान उघडत असला तरी. निओमायसिन-पॉलिमिक्सिनच्या मलमाने मांजरांत क्वचित, पण जीवघेणी ॲलर्जी झालेली आहे. औषध घातल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत उलटी, लाळ, धाप दिसली तर लगेच परत न्या. डोळ्याला भोक असेल तर मलम कुठलंच नको, फक्त थेंब. तेलकट मलम आत गेलं तर आतून दाह होतो.

वितळणारा अल्सर वेगळाच. कॉर्निया पिवळट होऊन लोळागोळा होऊ लागतो. जंतूंचे आणि पांढऱ्या पेशींचे एन्झाइम त्याला अक्षरशः पचवत असतात. तिथे थेंब दर एक-दोन तासांनी, रात्रीसुद्धा, म्हणजे बहुधा भरती करूनच. शिवाय सीरम. मांजराचंच किंवा निरोगी दात्याचं रक्त गोठू देऊन, फिरवून वरचं पिवळं पाणी काढतात. ते या एन्झाइमना अडवतं. घरी दिलं तर फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीचं तोंड पापणीला लागू देऊ नका, आठवड्याच्या आत बदला, आणि गढूळ झालं तर त्याच क्षणी टाका.

निम्म्याहून खोल खड्डा औषधाच्या भरवशावर सोडत नाहीत. पांढऱ्या भागावरच्या पातळ त्वचेची, कंजंक्टायव्हाची, एक पट्टी सोडवून खड्ड्यावर केसाहून बारीक टाक्यांनी शिवतात. ती आधार देते आणि सोबत रक्तपुरवठाही आणते. पुढचे काही आठवडे बुबुळावर गुलाबी पट्टा दिसेल. तो बिघाड नाही. दीड-दोन महिन्यांनी त्याचा देठ कापतात आणि मागे फूल पडल्यासारखा पांढुरका डाग राहतो. तिसरी पापणी ओढून शिवणं हा जुना, स्वस्त उपाय अजूनही सुचवला जातो. खोल अल्सरसाठी तो आम्हाला पटत नाही. तो आधार देत नाही, औषध अडवतो आणि आत काय बिघडतंय ते झाकून ठेवतो.

आठवडा झाला, अल्सर भरत नाही. बुबुळावर तपकिरी डागही दिसतोय.

साधा अल्सर आठवड्यात भरला नाही तर तो साधा नाही. हर्पिस, दडलेलं कुसळ, आत वळलेली पापणी, यांपैकी काहीतरी आहे. तपकिरी डाग म्हणजे बहुधा सिक्वेस्ट्रम, कॉर्नियाचा मेलेला तुकडा. पर्शियन आणि हिमालयन मांजरांत हा फार दिसतो. सुरुवातीला चहाच्या डागासारखा, मग काळा खिळा रुतल्यासारखा. नखाने टोकरू नका. तो बऱ्याचदा सोलून काढावा लागतो. कुत्र्यांच्या हट्टी अल्सरवर सुईने जाळीदार रेघा मारतात, तो उपाय मांजरावर करू नये. त्यानेच सिक्वेस्ट्रम होण्याची भीती वाढते. कुणी सुचवला तर हे नम्रपणे विचारा.

दुसऱ्या मांजराचं नख लागलंय. बाहेरून बारीकच छिद्र आहे.

बाहेरचं छिद्र लहान असलं तरी नख वाकडं आणि लांब असतं. ते आतल्या भिंगाची पिशवी फाडू शकतं. भिंगातली प्रथिनं बाहेर आली की डोळ्यात तीव्र दाह सुरू होतो. जंतू भिंगात शिरून बसले तर तो काही आठवड्यांनीही उसळतो. म्हणून बाहेरची जखम बुजली तरी बाहुली मोठी करून भिंग तपासून घ्या. पिशवी मोठी फाटली असेल तर भिंग लवकर काढल्याने डोळा वाचण्याची शक्यता राहते.

डोळ्यात रक्त उतरलंय, पण मार लागल्याचं आठवत नाही.

म्हाताऱ्या मांजरात आधी रक्तदाब मोजा. किडनीच्या किंवा थायरॉइडच्या आजारात तो इतका चढतो की रेटिना सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होतं. तरुण मांजर असेल तर घरात किंवा सोसायटीत उंदराचं विष टाकलंय का, हे डॉक्टरांना सांगा.

घरी थेंब कसे घालायचे? मांजर जवळही येऊ देत नाही.

समोरून बाटली घेऊन जाऊ नका. मांजराला टेबलावर, तोंड तुमच्या विरुद्ध दिशेला करून बसवा. डाव्या तळव्याने हनुवटी उचला. उजव्या हाताची कड त्याच्या कपाळावर टेकवा, म्हणजे ते हललं तरी हात त्याच्याबरोबर हलेल आणि बाटलीचं टोक डोळ्यात जाणार नाही. वरची पापणी किंचित वर, एक थेंब, सोडून द्या. एकच पुरतो. दुसरं औषध पाच ते दहा मिनिटांनी. थेंब आधी, मलम शेवटी, तांदळाच्या दाण्याएवढं. मग लगेच आवडीचा खाऊ.

ॲट्रोपिननंतर मांजर फेसाळ लाळ गाळतं आणि मालक घाबरतात. ते औषध डोळ्यातून नाकात, नाकातून घशात उतरतं आणि अत्यंत कडू असतं. मलमाने हा त्रास कमी होतो. बाहुली मोठी झालेली असते, म्हणून खोलीत उजेड कमी ठेवा.

कोन कधी काढायचा? जेवत नाही त्याने.

डॉक्टर सांगतील तेव्हाच. कोनाची कड नाकाच्या पुढे दोन-तीन सेंटीमीटर असायला हवी. त्याहून आखूड असेल तर पंजा पोचतो. पसरट ताटलीत, थोडं उंचावर जेवण द्या. जेवताना काढलात तर शेजारी बसून राहा. सात दिवसांचं काम मागच्या पायाची एक खाज दोन सेकंदांत मोडते.

भटकं मांजर आहे, धरायचं कसं?

जाड टॉवेल वरून टाकून, किंवा पिंजऱ्यात खाणं ठेवून. ओरबाडलं, चावलं तर जखम साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. दिवसभर थेंब घालणं शक्य नसेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अशा वेळी डोळा लगेच काढणं हा त्या मांजरासाठी कमी यातनांचा मार्ग असू शकतो.

डोळ्याची शस्त्रक्रिया महाराष्ट्रात कुठे होते?

मायक्रोस्कोप आणि बारीक टाक्यांची सवय असलेला सर्जन हवा, म्हणून आधी फोनवर हेच विचारा. मुंबई आणि पुण्यात खासगी दवाखान्यांत असे सर्जन मिळतात. नाहीतर परळ (मुंबई), शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या शस्त्रक्रिया विभागात चौकशी करा. तुमच्या गावातल्या डॉक्टरांना तिथे फोन लावायला सांगितलंत तर वेळ वाचतो.

डोळा काढायचा म्हणतात. दिसत नाही, पण दुखतही नाही. राहू दिला तर?

हा निर्णय जड जातो, हे आम्ही जाणतो. पण मांजराच्या बाबतीत एक खास कारण आहे. फुटून, आक्रसून गेलेल्या डोळ्यात, विशेषतः भिंग फाटलेलं असेल तर, काही वर्षांनी सार्कोमा नावाचा कर्करोग होऊ शकतो. तो नसेच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. म्हणून नजर गेलेला, आक्रसलेला डोळा काढून टाकावा असंच सुचवलं जातं.

शस्त्रक्रियेत सर्जनला एक पथ्य पाळावं लागतं. मांजराची डोळ्यामागची नस आखूड असते. डोळा जास्त ओढला तर ताण दोन्ही नसा जिथे मिळतात तिथपर्यंत जातो आणि चांगल्या डोळ्याची नजरही जाऊ शकते. "मांजराचे डोळे याआधी काढलेत का?" हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. नंतर दोन-चार दिवस त्या बाजूच्या नाकपुडीतून थोडं रक्ताळ पाणी येणं चालतं. टाके 10 ते 14 दिवसांनी. उड्यांचा अंदाज काही आठवडे चुकतो, तेवढा काळ खिडक्यांना जाळी हवीच.

डोळा ठेवायचंच ठरवलंत तर दर सहा महिन्यांनी दाखवा. वर्षानुवर्षं शांत असलेला डोळा अचानक मोठा, गुलाबी किंवा रंग बदललेला दिसला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.